नियंत्रण रेषेवरील व्यापार, जम्मू-काश्मीर

जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषेवरून 21 ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2019 या काळात चाललेला मालाच्या बदल्यात मालाचा व्यापार. उरीजवळील सलामाबाद ते पलीकडील, पाकिस्तानच्या ताब्यातील चकोठी आणि पूंछमधील चकां-दा-बाग ते पलीकडील रावळाकोट असे त्याचे दोन मार्ग होते. ठरलेल्या 21 प्रकारच्या वस्तूंची देवाणघेवाण जकातीशिवाय होई.

या व्यापाराच्या उगमाबाबत एकमत नाही. एक मत त्याचे मूळ 1947 पूर्वीच्या झेलम खोऱ्याच्या रस्त्यात शोधते. फाळणीपूर्वी काश्मीरची फळे व लाकूड याच वाटेने रावळपिंडीकडे जात. दुसऱ्या मताप्रमाणे नोव्हेंबर 2003 ची शस्त्रसंधी, त्यानंतरची भारत-पाकिस्तान बोलणी आणि 7 एप्रिल 2005 रोजी सुरू झालेली श्रीनगर-मुझफ्फराबाद बस यांतून तो क्रमाने उभा राहिला. तिसरे मत 2008 च्या उन्हाळ्यावर भर देते. अमरनाथ देवस्थान मंडळाला जमीन देण्यावरून पेटलेल्या वादात जम्मूकडील रस्ता अडवला गेला, फळे नासू लागली आणि ऑगस्टमध्ये बागायतदार व व्यापारी ‘मुझफ्फराबाद चलो’ म्हणत नियंत्रण रेषेकडे निघाले. बस धावू लागून तीन वर्षे झाली तरी ट्रक हलले नव्हते. या आंदोलनानंतर मात्र सप्टेंबरअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग व पाकिस्तानचे अध्यक्ष आसिफ अली झरदारी यांच्या भेटीत तारीख ठरली आणि महिन्याभरात पहिले ट्रक नियंत्रण रेषेवरचा अमन सेतू हा पूल ओलांडून गेले. हा क्रम पाहता बोलण्यांनी वाट आखून दिली आणि ती उघडली सडणाऱ्या सफरचंदांनी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

व्यवहाराची रीत समजून घेण्याजोगी आहे. बँका नव्हत्या, हुंडी मान्य नव्हती, आणि जम्मू-काश्मीरमधून पाकिस्तानला फोन लावण्याची सोय नसल्याने सौदा थेट ठरवणेही अवघड होते. समजा, उरीच्या व्यापाऱ्याने जिरे पाठवले. ट्रक सलामाबादच्या व्यापार सुविधा केंद्रात तपासला जाई, चालक परवान्यावर पलीकडे जाऊन माल उतरवी आणि त्याच दिवशी रिकामा परते. जिऱ्याची किंमत केंद्राच्या नोंदवहीत चढे. चकोठीच्या माणसाने तेवढ्याच किमतीचे बदाम किंवा खारीक ठरल्या मुदतीत पाठवली की खाते मिटे. मधल्या काळात भाव पडला, बदाम ओला निघाला किंवा गोळीबाराने फाटक बंद झाले, तर दाद मागायला दोन्ही बाजूंना चालेल असे न्यायालय नव्हते. जिरे पाठवणाऱ्याच्या हातात पलीकडच्या माणसाचा शब्द तेवढा असे. त्यामुळे विभागलेल्या कुटुंबांतील नाती आणि जुन्या ओळखी यांना इथे भांडवलाचे मोल आले. दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांनी मिळून संयुक्त वाणिज्य मंडळही स्थापन केले. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस चालणारी वाहतूक पुढे चार दिवसांवर गेली. हमाल, चालक, गोदामवाले अशा अनेकांची चूल त्यावर पेटत होती. पूंछच्या मार्गाबद्दलची माहिती उरीच्या तुलनेत त्रोटकच मिळते.

अशा व्यापाराने शांतता येते की शांतता असेल तरच तो चालतो, यावर अभ्यासकांत वाद आहे. सीमेवर तोफा सुरू झाल्या की फाटक बंद होई, हे दुसऱ्या मताच्या बाजूने जाते. तरी फाटक पुन्हा उघडावे म्हणून आग्रह धरणारा एक वर्ग दोन्ही काठांवर उभा राहिला, हे पहिल्या मताचे म्हणणेही दुर्लक्षिता येत नाही.

ज्या विश्वासावर हा व्यापार उभा होता, त्याचाच गैरवापर झाला. जानेवारी 2014 मध्ये सलामाबादला बदामाच्या ट्रकात अमली पदार्थ सापडले. माल मूळचा रेषेच्या दोन्ही बाजूंच्या जम्मू-काश्मीरचाच असावा, ही अट मोडून कॅलिफोर्नियाचा बदाम येतो, या आरोपावरून राष्ट्रीय तपास यंत्रणेने डिसेंबर 2016 मध्ये गुन्हा नोंदवला. यादीत मसाले, सुकामेवा असे मोघम शब्द असल्याने काय बसते आणि काय नाही, हा वाद शेवटपर्यंत राहिला. पुलवामा हल्ल्यानंतर, शस्त्रे, अमली पदार्थ व बनावट नोटांसाठी मार्गाचा वापर होत असल्याचे कारण देऊन केंद्र सरकारने एप्रिल 2019 मध्ये व्यापार स्थगित केला. माल पाठवून बदली मालाची वाट पाहत असलेल्या व्यापाऱ्यांची खाती तशीच उघडी राहिली.