आधी श्रद्धा की आधी पक्ष?

खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला पुढारी सार्वजनिक पदावर नीतीने वागू शकतो का? अमेरिकेत पीआरआरआय या संशोधन संस्थेने २०११ मध्ये हा प्रश्न विचारला, तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांपैकी जेमतेम ३० टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते. या वेळी ७२ टक्के ‘हो’ म्हणाले. एकूण अमेरिकनांचा आकडाही वाढला होता, पण ४४ वरून ६१ वर. मधल्या पाच वर्षांत बायबल तेच राहिलं होतं.

माणूस आधी श्रद्धा बाळगतो आणि तिला साजेसा पक्ष निवडतो, असं आपण सहसा धरून चालतो. राज्यशास्त्राचे अभ्यासकही बराच काळ तसंच मानत आले. गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन मात्र उलट दिशेचा प्रवाहही दाखवतं.

इव्हँजेलिकल म्हणजे कोण? इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी चार खुणा सांगितल्या आहेत: पश्चात्ताप करून नव्याने जन्म घेणं, बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणं, वधस्तंभावरच्या येशूच्या बलिदानाला केंद्रस्थानी ठेवणं आणि ही सुवार्ता कृतीतून पसरवणं. करांचे दर किंवा बंदुकांचे कायदे यांत कुठेच नाहीत. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी याच परंपरेतले होते. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालेली जागृतीही याच प्रवाहातली.

अमेरिकेतही या श्रद्धेची रिपब्लिकन पक्षाशी बांधलेली गाठ जुनी नाही. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या मोठ्या इव्हँजेलिकल चर्चसंघाने १९७१ मध्ये ठराव करून बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असं म्हटलं होतं. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले जिमी कार्टर स्वतःला ‘नव्याने जन्मलेला’ ख्रिस्ती म्हणवत, रविवारच्या शाळेत बायबल शिकवत आणि डेमोक्रॅट होते. १९७९ मध्ये बॅप्टिस्ट पाद्री जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही उजवी ख्रिस्ती राजकीय संघटना उभी केली, १९८० मध्ये रिपब्लिकन रोनाल्ड रेगन निवडून आले आणि चित्र पालटलं.

पण मुळात काय कशामुळे घडतं, हे शोधायचं कसं? दर वेळी वेगळ्या लोकांना विचारलं तर माणसं बदलली की त्या नावाखालची गर्दी बदलली, हे कळत नाही. म्हणून त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा गाठावं लागतं. अशा पाहणीला पॅनेल अभ्यास म्हणतात. राज्यशास्त्रज्ञ मिशेल मार्गोलिस यांनी असाच एक जुना अभ्यास वापरला. १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना त्यात प्रश्न विचारले होते, आणि १९७३ व १९८२ मध्ये त्यांना पुन्हा गाठलं होतं; मुलामुलींना १९९७ मध्येही.

घर सोडलेली तरुण मुलं चर्चपासून दुरावतात, आणि लग्न होऊन मुलं झाली की त्यांतली बरीच परततात. पक्षनिष्ठा मात्र नेमकी त्या दुराव्याच्या काळात, विशीत घट्ट होते. त्यामुळे परतायची वेळ येते तेव्हा पक्ष आधीच ठरलेला असतो. मार्गोलिस यांना दिसलं ते असं: १९७३ मध्ये स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे गोरे तरुण १९८२ पर्यंत चर्चकडे अधिक वळले आणि डेमोक्रॅट तितके वळले नाहीत. मुलं मोठी झालेल्या पालकांच्या पिढीत अशी फूट पडली नव्हती. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण इथे काळाचा क्रम हातात सापडतो.

प्यू रिसर्च सेंटर या पाहणी करणाऱ्या संस्थेने २०१६ आणि २०२० मध्ये त्याच लोकांना विचारलं, तेव्हाही असंच निघालं. २०१६ मध्ये स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणवणाऱ्या, पण ट्रम्प आवडणाऱ्या गोऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के लोक २०२० पर्यंत ते नाव लावू लागले होते. ट्रम्प न आवडणाऱ्यांत असं जवळजवळ कुणीच केलं नाही.

दुसरीकडे लोक बाहेरही पडत होते. कोणताच धर्म नाही असं सांगणाऱ्या अमेरिकनांचं प्रमाण १९९० च्या दशकात ७ वरून १४ टक्क्यांवर गेलं. मायकल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की ही वाढ उदारमतवादी आणि मध्यममार्गी लोकांत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचा देवावरचा विश्वास शाबूत होता. त्यांना नकोसं झालं होतं ते धर्माच्या नावाने चाललेलं उजवं राजकारण. प्रार्थना करणाऱ्या माणसाला आपलंच चर्च परकं वाटावं, हे नुकसान मला कुठल्याही निवडणुकीच्या निकालापेक्षा मोठं वाटतं.

पक्षाप्रमाणे श्रद्धा बदलते, या नियमाला एक ठळक मर्यादा आहे. काळ्या प्रोटेस्टंट चर्चमधल्या अनेकांची श्रद्धा बेबिंग्टन यांच्या चारही खुणांना उतरते, पण त्यांची मतं प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला पडतात. नागरी हक्कांची चळवळ याच चर्चमधून संघटित झाली. डेमोक्रॅट असणं आणि रविवारी चर्चमध्ये असणं यांत तिथे विरोध वाटत नाही, आणि ही कुटुंबं आजही अमेरिकेतल्या सर्वाधिक धार्मिक कुटुंबांत मोडतात.