पार्श्वभूमी : उंदराची लघवी आणि पिंजऱ्याची व्यवस्था

मूत्राशयाच्या विकारांवर संशोधन करताना पिंजऱ्याच्या तळाशी फिल्टर पेपर अंथरून त्यावर उंदीर काही तास, बहुधा चार, ठेवतात. मग तो कागद अतिनील दिव्याखाली धरून चमकणारे डाग मोजतात. उंदराला ना सुई टोचावी लागते, ना भूल द्यावी लागते. अतिनील प्रकाशात डाग वाचण्याची ही युक्ती मात्र आधी प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी वापरली, आणि पुढचा सारा गुंता तिथूनच कळतो.

१९३०च्या दशकात मोकळ्या रिंगणात सोडलेल्या मोठ्या जातीच्या उंदरांची (रॅट) विष्ठा आणि लघवी ही भीतीची मोजपट्टी ठरली होती. खरा टप्पा १९७३चा. एकमेकांशी झुंजलेल्या नरांचे कागद तपासले, तेव्हा जिंकलेल्या नराने सबंध तळभर बारीक ठिपके टाकले होते आणि हरलेल्याने कोपऱ्यात दोन-चार मोठी थारोळी केली होती. मूत्राशय दोघांचेही निरोगी. फरक होता तो पिंजऱ्यातल्या मानाचा.

वादाचा शब्द आहे तो हाच, ‘ठिपका’. मूत्ररोगाच्या अभ्यासात बारीक ठिपके वाढले की मूत्राशय अतिक्रियाशील झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, असे लिहिले जाते. पण नर उंदीर गंधाची खूणही ठिपक्यांनीच करतो. शिवाय ओल्या पंजांचे ठसे कागदावर उमटतात ते वेगळेच. म्हणून कोणी ठराविक आकाराखालचे डाग गाळतात, कोणी सगळे मोजतात, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. पण माझ्या मते गाळणीचा आकार हा दुय्यम प्रश्न आहे. एका पिंजऱ्यात चार नर वाढले तर बहुधा एक वरचढ होतो, बाकीचे दबतात. अशा चौघांची सरासरी काढली की हाती येतो तो आकडा त्यांच्यातल्या एकाचाही नसतो. डाग कोणाचा, तो उंदीर कोणाबरोबर राहत होता, चाचणीआधी किती दिवस एकटा होता, हे कळल्याशिवाय ठिपक्याला रोग म्हणणे मला मान्य नाही.

२०००नंतर पुरावे भराभर जमले. आक्रमक नराच्या दहशतीत ठेवलेल्या उंदरांची लघवी करण्याची पद्धत बदलली, मूत्राशयाच्या भिंतीतही बदल दिसले. म्हणजे सोबतीचा परिणाम वागण्यापुरता थांबत नाही. पिंजरा साफ करताना जुने घरटे नव्या पिंजऱ्यात नेले तर नरांची भांडणे कमी होतात, मात्र मळका भुसा नेला तर वाढतात. शेपटीला धरून उचललेला उंदीर अधिक बिथरतो, हे २०१०मध्ये दिसले. २०१६मध्ये मेंदूच्या खोडातल्या अशा पेशी दाखवल्या गेल्या, ज्या मादीच्या वासाने नर खुणा टाकू लागला की सक्रिय होतात.

उंदीर निशाचर, चाचणी मात्र पुष्कळदा माणसांच्या कामाच्या वेळेत, दिवसाउजेडी. त्याला सुखाचे तापमान सुमारे ३० अंश, प्रयोगशाळा २० ते २४ अंशांवर. लघवी गोळा करायच्या जाळीच्या पिंजऱ्यात तर तो एकटा असतो, आणि भुसा नाही, घरटे नाही. तिथे त्याचे वजनही घटते.

प्राण्यांवरील प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत याची सूची २०१०मध्ये आली आणि तिने निवासाचा तपशील मागितला. २०२०च्या सुधारित सूचीत अत्यावश्यक अशा १० बाबी निवडल्या गेल्या. निवास त्यांत नाही, तो ‘शिफारस’ या दुसऱ्या गटात गेला.