ताजं लोणचं नियमात कुठे बसतं?

कैरीच्या बारीक फोडी, मीठ, हळद, लाल तिखट, मोहरीची डाळ, हिंग. गॅस पेटवायचा नाही. तासाभरात खार सुटतो आणि वाटी पोळीबरोबर, नाहीतर नुसतीच, फस्त होते. घरोघरी याला ताजं किंवा कच्चं लोणचं म्हणतात. तरी 'खरं लोणचं' म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती दादरा बांधलेली, वर्षभराची बरणी.

मिरची 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी तिखटपणाची भिस्त मिरी, आलं आणि मोहरीवर होती. मोहरीचा आख्खा दाणा झणझणत नाही. ती वाटून पाणी लागलं की तिच्यातलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. तापवली की ते विकर निकामी होतं, त्यामुळे फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. फेसलेल्या मोहरीची काकडी आणि कच्चं लोणचं ही एकाच घराण्यातली. गोव्यातली चेपणीची तोरांही चुलीवर चढत नाहीत, पण तिथे मिठात दाबलेल्या कोवळ्या कैऱ्या पावसाळ्याच्या बेगमीसाठी असतात, लगेच खाण्यासाठी नव्हे.

बेगमी हाच पुढे निकष झाला. फळप्रक्रियेबाबतचा 1955 चा केंद्रीय आदेश आणि त्याची जागा घेणारे 2011 चे नियम यांनी विक्रीच्या लोणच्याला चौकट दिली. आजच्या नियमांत माध्यमानुसार प्रकार पडतात. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ किमान 12 टक्के हवं. लिंबूवर्गीय रसातल्या लोणच्याची आम्लता किमान 1.2 टक्के, व्हिनेगरमधल्याची 2 टक्के. तेलातल्या लोणच्यावर अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर, नाहीतर एकूण तेल किमान 10 टक्के. आणि शेवटी एक 'माध्यमाविना' प्रकार, ज्यात वरच्या कशातच न बसणारं सगळं ढकललेलं आहे. आपलं ताजं लोणचं बसलंच तर तिथे.

हा आग्रह उगाच नाही. मीठ किंवा आंबट कमी पडलं की लोणच्याला बुरशी धरते, आणि दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या मालाला पळवाट देऊन चालत नाही. पण दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो, त्या हिशेबाने 12 टक्क्यांच्या 10 ग्रॅम लोणच्यातच 1.2 ग्रॅम गेलं. टिकवण्यासाठी घातलेलं मीठ चवीचं प्रमाण म्हणून रुळलं, आणि ताज्या लोणच्यातही तेवढंच पडू लागलं. इथे नियमांपेक्षा सवयीचा दोष जास्त आहे, असं मला वाटतं.

लोणची-चटण्या लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. 2015 च्या एप्रिलमध्ये शेवटच्या 20 वस्तूंवरचं आरक्षण उठलं, त्यांत त्याही गेल्या. मोठ्या भांडवलापुढे घरगुती उद्योग आणि बचत गट टिकणार कसे, हा तेव्हाचा आक्षेप रास्तच होता. पण ती सगळी चर्चा बरणीतल्या मालाची होती. ताज्या लोणच्याच्या वाटेला आला तो तयार मसाला आणि फ्रिज: कुटणं-भाजणं संपलं, आणि बिनतेलाची वाटी चार दिवस निभावू लागली. हिवाळ्यात गाजर, फ्लॉवर, ओली हळद, आवळा असं काहीही त्यात खपतं.

फक्त पुडीच्या मागची कृती सहसा साठवणीच्या लोणच्याची असते. तेल कडकडीत तापवून गार करा, ही ओळ सरळ सोडून द्यावी. मसाल्यात मीठ आधीच आहे का, हे पुडीवर वाचून मगच वरून घालावं.