शटर मोटर उचलते की स्प्रिंग?

गेल्या जुलैत, झड लागलेली असताना, आमच्या गॅरेजचं शटर निम्म्यावर अडकलं. त्याआधी वर 'खट्' असा मोठा आवाज झाला होता. शटरवाल्याने, शटर ज्यावर गुंडाळलं जातं त्या पाइपवरचा डबा उघडून तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा माझ्या हातात ठेवला. तुटलेली कड निम्मी तपकिरी होती, निम्मी चांदीसारखी लख्ख. तपकिरी भागातली भेग जुनी होती, तिच्यात ओल आणि मीठ आधीपासून मुरत होतं. लख्ख भाग त्या सकाळी एका झटक्यात तुटला. आमच्या खळ्यातून समुद्र दिसतो, आणि त्याची किंमत अशी मोजावी लागते.

कोकणात आता बऱ्याच घरांना गाडीसाठी बंद गॅरेज असतं आणि त्याला मोटर बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपीची? मला वाटतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. साधा हिशेब करून बघा. ८० किलोचं शटर सेकंदाला १५ सेंटीमीटर वेगाने नुसत्या ताकदीवर उचलायला सुमारे १२० वॅट लागतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. घर्षणात आणि गिअरमध्ये बरीच शक्ती वाया गेली तरी आकडा फार मोठा होत नाही. त्यातून स्प्रिंगांनी वजन तोललेलं असेल, तर मोटरच्या वाट्याला दहाएक किलोच उरतात. म्हणजे जेमतेम १५ वॅट! खरा हमाल स्प्रिंग असते.

तोल तपासायची रीत सोपी आहे. मोटरची पकड सोडवायची, शटर हाताने कमरेपर्यंत उचलायचं आणि हळूहळू हात सैल करायचा. जागच्या जागी राहिलं तर तोल बरोबर. धाडकन खाली येऊ लागलं किंवा आपोआप वर पळालं, तर आधी स्प्रिंगा दुरुस्त करून घ्या. हे काम जाणकाराचंच. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हाडं मोडते.

आपल्याकडे शटरला दोन प्रकारच्या मोटर लागतात. सेंट्रल मोटर मधल्या पाइपवरच बसते आणि स्प्रिंगांच्या भरवशावर चालते. साइड मोटर एका बाजूला असते, साखळीने पाइप फिरवते आणि बहुधा सगळं वजन एकटी पेलते, स्प्रिंगांशिवाय. शहरात सेंट्रल मोटर छान. किनाऱ्यालगत मात्र मी साइड मोटरच्या बाजूने आहे. तिची साखळीही गंजते, पण ती डोळ्यांसमोर असते. आगोटीच्या कामांत तिला तेल-ग्रीस देता येतं. डब्यातल्या स्प्रिंगचा गंज ती तुटल्यावरच कळतो. फक्त ही मोटर जड असते आणि सगळा भार एका कडेवर येतो. चिऱ्याची भिंत असेल तर तिचे बोल्ट चिऱ्यात ठोकू नका. जांभा मऊ आणि सच्छिद्र, बोल्ट हळूहळू ढिले होतात. ब्रॅकेट काँक्रीटच्या खांबावर किंवा बीमवरच घ्या.

आता मिठाबद्दल. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं ना? हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल धरतं. म्हणून जानेवारीच्या कोरड्या दुपारीही शटरच्या गाइडवरून, म्हणजे ते ज्यातून वरखाली सरकतं त्या बाजूच्या पट्टीवरून, बोट फिरवलं तर चिकट लागतं. ती चिकट ओल म्हणजे वीज वाहून नेणारं खारं पाणी, आणि गंजण्याची रासायनिक क्रिया अशाच पाण्यात जोर धरते. जस्ताचा मुलामा लोखंडाच्या आधी स्वतः झिजून त्याला वाचवतो, पण मुलामा संपला की संरक्षणही संपलं. स्टेनलेस घ्यायचंच तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचं घ्या. त्यातला मॉलिब्डेनम हा धातू मिठातल्या क्लोराइडला जास्त दाद देत नाही. मोटरवर आयपी ६५ लिहिलेलं असलं तर धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाणार नाही एवढंच समजायचं. मिठाने बाहेरचे स्क्रू गंजतील का, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

पागोळ्यांच्या आत, छपराखाली असलेलं शटर उघड्यावरच्या फाटकापेक्षा जास्त गंजू शकतं. फाटकावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. शटरवर खारा वारा पोचतो, पाऊस पोचत नाही. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

वीज हा दुसरा मोठा मुद्दा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. बॅटरीवर चालणारी डीसी मोटर थोडा वेळ निभावते, पण हाताने उघडायची सोय हवीच: सेंट्रल मोटरला ब्रेक सोडायची दोरी, साइड मोटरला हातसाखळी. गॅरेजला दुसरं दार नसेल तर ती दोरी बाहेरून, कुलपात ठेवून, हाती लागेल अशी करून घ्या. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांनंतर नव्या घरगुती गॅरेज-मोटरला बॅटरी सक्तीची करणारा कायदा झाला, तो १ जुलै २०१९ पासून लागू आहे.

रिमोट दर वेळी कोड बदलणारा घ्या. एकच कोड पाठवणाऱ्या रिमोटची नक्कल सहज होते.

घरात लहान मुलं असतील तर दाराखालचा प्रकाशकिरणाचा सेन्सर, म्हणजे किरणाच्या आड काही आलं की शटर खाली येऊ न देणारा, टाळू नका. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेज-मोटरला असं अडकण्यापासूनचं संरक्षण सक्तीचं आहे. सेन्सर जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच नको, नाहीतर रांगतं मूल त्याच्या खालून जाईल. त्याच्या काचेवर मिठाचा पापुद्रा किंवा कोळ्याचं जाळं आलं की शटर खाली यायला नकार देतं. तेव्हा वायर तोडून सेन्सर बाद करू नका, काच पुसा.