दिला एक, मिळाला साडेतीन

मे महिन्यात भाची राहायला आली की आमच्याकडे माळ्यावरचा कॅरम खाली उतरतो. यंदा बाईसाहेब दहावीत. पावडर भुरभुरता भुरभुरता तिने विचारलं, "मामा, डार्टच्या टकरीत संवेगाचा नियम मोडला का रे?" डार्ट म्हणजे नासाने २०२२मध्ये मुद्दाम एका लघुग्रहावर आदळवलेलं यान. त्या यानापाशी होता त्याच्या साडेतीन पट संवेग (वस्तुमान गुणिले वेग) लघुग्रहाला मिळाला, असं तिने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. वर 'शास्त्रज्ञही चक्रावले' हे ठेवणीतलं वाक्य. कोणी चक्रावलं नव्हतं. जास्त मिळणार हे ठाऊकच होतं, नेमका किती जास्त हे पाहायला तर यान धाडलं होतं.

पण आधी कॅरम. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, सोंगटी साधारण ५ ग्रॅमची. स्ट्रायकर सोंगटीवर अगदी नाकासमोर बसला आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे गतिज ऊर्जा जराही वाया न घालवणारी धरली, तर स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. ताळा करून बघा. आधी १५ × १ = १५. नंतर १५ × ०.५ आणि ५ × १.५, म्हणजे साडेसात अधिक साडेसात. जमलं. वेग वाढला म्हणून संवेग काही हवेतून आला नाही.

आता डार्ट. २६ सप्टेंबर २०२२ला, पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटरवर, साधारण ५८० किलोचं हे यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने डिमॉर्फोसवर आदळलं. डिमॉर्फोस म्हणजे दीडशे-एकशे साठ मीटरचा दगडधोंड्यांचा ढीग. तो डिडिमोस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं लागायची, ती टकरीनंतर साधारण ३३ मिनिटांनी घटली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी म्हणायची, असं ठरलं होतं.

भाचीने पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला. ५८० गुणिले ६१००, म्हणजे सुमारे ३५ लाख किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. डिमॉर्फोसचं वस्तुमान अंदाजे ४३० कोटी किलो. यान नुसतं त्यात रुतून बसलं असतं तर डिमॉर्फोसच्या वेगात सेकंदाला एक मिलिमीटरचाही फरक पडला नसता. प्रत्यक्षात पडला २.७ मिलिमीटरचा.

हा जास्तीचा संवेग आला कुठून? भिंतीवर ओल्या मातीचा गोळा मारला तर तो चिकटतो, भिंतीला त्याचा संवेग तेवढा मिळतो. रबरी चेंडू मारला तर तो उलटा येतो आणि भिंतीला जवळजवळ दुप्पट मिळतो, कारण चेंडूचा संवेग शून्यावर न थांबता उणे झाला. डिमॉर्फोसवरून मागे उडालं ते यान नव्हे, तिथलीच माती आणि दगड. तो फवारा यान आलं त्या बाजूला उडाला, आणि डिमॉर्फोस तेवढाच पुढे ढकलला गेला.

"पण चेंडू तर दुपटीवरच थांबतो," भाची म्हणाली. अगदी बरोबर, आणि मला सगळ्यात आवडतं ते इथेच आहे. चेंडू आला तेवढ्याच वस्तुमानाने परत जातो. इथे येणारं हलकं होतं आणि परत जाणारं कितीतरी जड. १ किलोची वस्तू सेकंदाला १०० मीटरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा ५००० ज्यूल, संवेग १००. तेवढ्याच ५००० ज्यूलमध्ये १०० किलो माल सेकंदाला १० मीटरने उडवता येतो, आणि त्याचा संवेग भरतो १०००. ऊर्जा तीच, संवेग दहापट! ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, संवेगात नुसता वेग, म्हणून हे जमतं. ऊर्जेची तर तिथे चंगळ होती: यानाची गतिज ऊर्जा त्याच्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकाच्या ऊर्जेच्या साधारण साडेचार पट. तिचा बराचसा भाग खडक फोडण्यात आणि तापवण्यात गेला, थोडाच फवाऱ्याला मिळाला, तरी पुरला. फवाऱ्यातून निदान दहा लाख किलो माल उडाला असा नासाचा अंदाज आहे. तो दहा लाखच धरला तर जास्तीच्या संवेगासाठी त्याचा सरासरी वेग सेकंदाला नऊ-दहा मीटर पुरतो, म्हणजे गल्लीतल्या स्कूटरचा. (हिशेब माझा, ढोबळ.) मागे गेलेला फवारा जमेस धरला की बेरीज आधी होती तेवढीच येते. नियम शाबूत.

लघुग्रह 'पृथ्वीच्या दिशेने झेपावतोय' अशी बातमी दर पंधरा दिवसांनी येते आणि पाठोपाठ कुठल्या राशीला जपायला हवं तेही येतं. डार्टने डिमॉर्फोसला ढकललं तेव्हा त्याची रास कोणती होती, हे मात्र कोणी विचारलं नाही.

'साडेतीन'मध्ये एक मेख आहे. त्यातलं डिमॉर्फोसचं वस्तुमान घनतेच्या अंदाजावरून काढलेलं आहे. घनता कमी-जास्त धरली तर उत्तर सव्वादोन ते पाच पटीपर्यंत हलतं. युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४मध्ये निघालं आहे ते तिथे जाऊन वस्तुमान मोजायलाच. भाचीने आपल्या कागदावर ४३०च्या पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि राणीवर नेम धरला.