सेल्फ उचलत नाही की इंजिन पकडत नाही?

सकाळी चावी फिरवली आणि गाडी चालू झाली नाही की बहुतेकांचं निदान तयारच असतं: बॅटरी गेली. काही हजार मोजून नवी बॅटरी बसते, आणि कधी कधी आठवडाभराने गाडी पुन्हा तशीच अडते. ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढंच आपण मिस्त्रीला सांगतो, पण त्यात दोन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. एकात सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिनाला नीट फिरवतच नाही. दुसऱ्यात सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पहिल्याचं मूळ विजेत असतं. दुसऱ्याचं मूळ बहुतेक वेळा पेट्रोल-डिझेलात, नाहीतर प्लगच्या ठिणगीत. म्हणून बॉनेट उघडण्याआधी काच खाली करा, चावी फिरवा आणि नुसतं ऐका.

‘घर्र... घर्र...’ असा ओढल्यासारखा आवाज किंवा भराभर टकटकटक आली, तर करंट कमी पडतोय. हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारा. दिवे विझत आल्यासारखे मंद झाले तर बॅटरी नाहीतर तिची जोडणी कमजोर आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकच ‘टक’ ऐकू आली, तर संशय सेल्फवर जातो: त्याचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) किंवा मोटरमधले घासलेले कार्बन ब्रश. टकसुद्धा आली नाही तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का ते बघा. आजकालच्या अनेक गाड्या त्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत.

इथे व्होल्ट मोजणारा साधा मल्टीमीटर फार उपयोगी पडतो, तो घरात असावाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण उभ्या बॅटरीचा आकडा फसवतो, खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. तेव्हा व्होल्ट ९.६ च्या खाली घसरले तर बॅटरीत दम उरलेला नाही. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवेत. तेवढे नसतील तर चार्जिंगच होत नाही, आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तसाच ठेवून बॅटरी बदलण्यात अर्थ नाही.

अजून एक चाचणी आहे, ती फारसं कुणी करत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर धरा, दुसरं त्याच खुंटीवर बसलेल्या क्लॅम्पवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दोन्हींमध्ये बोटभरही अंतर नसतं, म्हणून आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर करंट तिथेच अडतोय. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह केबल काढा. पांढरी-हिरवट बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. या अर्ध्या तासाच्या कामाने कितीतरी ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होतात.

नागपूर-अकोल्याकडे बॅटरीचं आयुष्य खाते ती मे महिन्यातली उष्णता, पण बॅटरी हात टेकते डिसेंबरात. थंडीत तिची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोष मात्र थंडीच्या माथी जातो.

आता दुसरा बिघाड. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय, इंजिन दाद देत नाही. इथे बॅटरीला हात लावू नका. पेट्रोल गाडी असेल तर सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा. मागच्या सीटच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक घुं ऐकू येते, तो टाकीतला पंप. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप असा क्रम लावा. आवाज आहे, पण चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावरच गाडी पहिल्या सेल्फला पकडते? मग लाइनमधलं प्रेशर रात्रीत उतरतंय. पंपातला, पेट्रोल परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. पेट्रोलचा उग्र वास आला तर प्लग ओले झालेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शन गाड्या तेव्हा पेट्रोल तोडतात आणि सिलिंडर कोरडे होतात. डिझेल असेल तर डॅशवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. तरीही पांढरा धूर काढत कुरकुरली तर सिलिंडर तापवणारे हीटर प्लग तपासून घ्या.

सीएनजीवाल्यांसाठी हे कळकळीने सांगतो. तुमच्यातल्या बहुतेक गाड्या चालू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. पेट्रोल महाग म्हणून टाकीत तळाला थोडंसं ठेवून महिनोन्महिने काढले जातात. ते शिळं होतं, आणि पंपाला थंड ठेवणारंही तेच पेट्रोल असतं. पाव टाकी तरी ठेवा आणि मधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवा. जळालेला पंप त्या वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा महाग पडतो.

खरा घोळ होतो तो दोन्ही एकत्र आल्यावर. पंप बिघडलेला असतो, मालक सेल्फ मारत राहतो, पंधरा मिनिटांत बॅटरी उतरते आणि मिस्त्री येईपर्यंत फक्त टकटक उरते. त्यामुळे एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. आणि फोनवर मिस्त्रीला पहिल्या वेळचा आवाज सांगा, शेवटचा नव्हे.