सैनिकाच्या पायाखालची जमीन

लढाईचे खेळ खेळणारे हौशी लोक आज छोट्या सैनिकांच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या बैठकीवर, वाळू, झाडाची साल किंवा रंगवलेला भुसा चिकटवतात. पण हा बेस मुळात सजवण्यासाठी नव्हताच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूरेंबर्गचे हिल्पर्ट यांच्यासारखे कारागीर कथलाचे चपटे सैनिक ओतत, तेव्हा पत्र्याइतकी पातळ आकृती उभी राहावी एवढ्याचसाठी तिच्या पायाशी एक पट्टी ठेवली जाई. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कुटुंबाने शिशाचे पोकळ सैनिक बाजारात आणले. त्यांच्याशी खेळण्याचे नियम एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले, मात्र त्यांचा मुलूख लाकडी ठोकळे आणि डहाळ्या वापरून जमिनीवर मांडलेला असे. सैनिकाच्या पायाखाली काही उगवत नसे.

पुढे बेस हे मोजमाप झाले. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपच्या प्राचीन युद्धांच्या नियमांत २५ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांसाठी ६० मिलिमीटर रुंदीचा बेस रूढ झाला, आणि एका पुठ्ठ्यावर तीन-चार सैनिक चिकटवल्यामुळे पलटण हलवणेही सोपे झाले. उरलेला पुठ्ठा मात्र उघडा दिसे, म्हणून रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांचा रंगीत भुसा इकडेही आला.

खरा बदल १९८० च्या दशकाच्या मध्यावर झाला. सिटाडेल या इंग्रज कंपनीने पायाखाली पट्टी असलेले सैनिक आणि ती पट्टी बसवण्याची खाच असलेले प्लॅस्टिकचे बेस आणले. सोय उत्तम, रूप मात्र ओबडधोबड: खाचेची टोके उघडी राहत आणि काळे प्लॅस्टिक डोळ्यांत खुपे. ते झाकण्यासाठी लोकांनी घरातलेच साहित्य घेतले. आपल्याकडच्या फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावायचा, बेस वाळूत बुडवायचा, सुकल्यावर गडद तपकिरी रंग द्यायचा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग वरवर फिरवायचा. तो फक्त उंच कणांवर बसतो, त्यामुळे सपाट वाळूलाही उठाव येतो. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरून केलेली हिरवळ सगळ्या मावळ्यांची सामाईक असते. इथे प्रत्येक शिपाई आपापली जमीन बरोबर घेऊन फिरतो, आणि म्हणूनच ती पटाशी जुळवण्याचा खटाटोप करावा लागतो. १९९० च्या दशकात बेसच्या कडा भडक हिरव्या रंगवण्याची जी पद्धत होती, ती मला तरी कधी रुचली नाही.

२०१५ मध्ये सिटाडेलचे सैनिक वापरणाऱ्या वॉरहॅमर या लढाईच्या खेळाच्या नव्या आवृत्तीने चौकोनी बेसऐवजी गोल बेस आणले, तेव्हा अनेकांनी वर्षानुवर्षे जमवलेले सैनिक जुन्या वाळूसकट खरवडून काढले. २०२४ मध्ये वॉरहॅमरच्याच कंपनीने जुन्या धर्तीचा खेळ पुन्हा आणला, तो चौकोनी बेससह.